एसीची घरघर आणि तिचा माग काढणारे कान

रात्री अडीच वाजता बंद खोलीत एसी खडखडू लागला की घरातला माणूस दोन गोष्टी करतो. आधी पॅनेलवर एक चापट मारतो. तेवढ्याने आवाज थांबला नाही तर सकाळी मेकॅनिकला फोन करतो. मेकॅनिक येतो, स्टुलावर चढतो आणि पाना हाती घेण्यापूर्वी काही क्षण नुसता ऐकत उभा राहतो. यंत्रदुरुस्तीत हे ऐकणे आले कोठून, याची ही गोष्ट.

घरगुती वातानुकूलनाचा इतिहास बहुधा थंडाव्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो आवाजाच्या बाजूनेही सांगता येतो, आणि तसा पाहिला की एक चमत्कारिक गोष्ट नजरेत भरते. शंभर वर्षांत एसीचा आवाज कमी झाला हे खरे. परंतु त्याहून अधिक तो हलवला गेला. आधी तळघरात, मग पोलादी कवचाच्या आत, मग भिंतीबाहेर. आणि प्रत्येक स्थलांतरानंतर तो शोधणाऱ्याला नव्याने ऐकायला शिकावे लागले.

प्रारंभी आवाजाची कोणाला पर्वा नव्हती. १९०२ साली न्यू यॉर्कमधील ब्रुकलिन येथे सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्यात दमट हवेने कागद फुगत असे आणि एका रंगाचा ठसा दुसऱ्यावर नेमका बसत नसे. पंचविशीतल्या विलिस कॅरियर या अभियंत्याने हवेतील दमटपणा काबूत ठेवणारी यंत्रणा आखली, आणि आधुनिक वातानुकूलनाचा जन्म तेथे मानला जातो. छपाईयंत्रांच्या खडखडाटात तिचा आवाज वेगळा काढून ऐकणार कोण? कागद सपाट राहिला, काम झाले.

घरात हे यंत्र शिरले ते १९१४ च्या सुमारास, मिनियापोलिस येथील चार्ल्स गेट्स यांच्या हवेलीत. सुमारे ७ फूट उंच, ६ फूट रुंद आणि २० फूट लांब असे ते धूड होते. सध्याच्या मुंबईत तेवढ्या जागेत एखादे स्वयंपाकघर बसते! गेट्स स्वतः १९१३ मध्येच वारले होते; ते यंत्र कधी चालले तरी का, याचीच शंका घेतली जाते. इतक्या मोठ्या यंत्राच्या आवाजावर उपाय एकच: त्याला माणसांपासून दूर ठेवणे.

माणसे आणि यंत्र यांची खरी गाठ चित्रपटगृहात पडली. १९२५ च्या मे महिन्यात न्यू यॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात कॅरियरने नव्या पद्धतीची शीतकरण यंत्रणा चालू केली तेव्हा पडद्यावर मूकपट होते. पंख्यांची घरघर असलीच तरी ती वादकवृंदाच्या संगीतात बुडून जाई. दोनच वर्षांनी बोलपट आले आणि प्रेक्षागृहात पुटपुटलेला शब्दही ऐकू येणे आवश्यक झाले. ज्या नळकांड्यांतून गार वारा येई त्यांतूनच पंख्याची घरघरही येत असे. मग ध्वनी शोषून घेणारे अस्तर नळकांड्यांना आतून लावणे, पंखा मोठा घेऊन तो सावकाश फिरवणे, यंत्राच्या पायाखाली लवचिक बैठक देणे, हे उपाय स्थिरावत गेले. मुंबईत कुलाब्याचे रीगल १९३३ मध्ये वातानुकूलित चित्रपटगृह म्हणून उघडले, तेव्हा बोलपटांचे युग पुरते रुळले होते.

१९२९ हे साल या कथेत दोन कारणांनी महत्त्वाचे आहे.

पहिले कारण असे की त्या वर्षी फ्रिजिडेअर कंपनीने घरासाठी खोली गार करणारे यंत्र बाजारात आणले. त्याची पेटी दिसायला त्या काळच्या रेडिओच्या कपाटासारखी होती. दिवाणखान्यात रेडिओ ऐकत बसलेल्या कुटुंबाला शेजारीच धडधडणारा कॉम्प्रेसर परवडणारा नव्हता. म्हणून कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर दूर, वेगळे ठेवावे लागत आणि दोहोंना नळ्यांनी जोडावे लागे. म्हणजे ज्याला आज ‘स्प्लिट’ म्हणतात आणि नवे समजतात, ती कल्पना खिडकीतल्या एसीहून जुनी आहे. ते यंत्र मात्र जड होते, महाग होते, आणि फार घरांपर्यंत पोहोचले नाही.

दुसरे कारण म्हणजे आवाजाला आकडा मिळाला. बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत तारेतून जाणाऱ्या संदेशाची घट मोजण्यासाठी वापरात असलेल्या एककाला नुकतेच ‘डेसिबल’ हे नाव पडले होते. १९२९ मध्ये न्यू यॉर्क शहराने गोंगाट निवारणासाठी एक आयोग नेमला. ध्वनिमापक बसवलेली मोटारगाडी रस्त्यारस्त्यांतून फिरली आणि १९३० मध्ये अहवाल निघाला. तोवर ‘कर्कश’, ‘असह्य’, ‘थोडासा’ अशी विशेषणे होती. आता तुलना करता येऊ लागली. या मापाची चाल मात्र फसवी आहे. सारखाच आवाज करणारे दुसरे यंत्र शेजारी आणून ठेवले तर आकडा दुप्पट होत नाही, केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल वाढावे लागतात.

आता कॉम्प्रेसरकडे वळू, कारण घरघरीचा मूळपुरुष तोच.

त्या काळचा कॉम्प्रेसर उघडा असे. मोटर एकीकडे, कॉम्प्रेसर दुसरीकडे, मध्ये पुली आणि पट्टा. पट्टा ढिला झाला की किंचाळे, पुली तिरकी झाली की डुगडुगे, बेअरिंग कोरडे पडले की कुरकुरे. मेकॅनिक पाहूनच अर्धे निदान करी: पट्टा दाबून पाहावा, तेल घालावे, बोल्ट आवळावा. दोष डोळ्यांना दिसे आणि हाताला लागे. पण या रचनेत एक गंभीर उणीव होती. कॉम्प्रेसरचा फिरता दांडा जेथून बाहेर येई तेथील सीलमधून वायू झिरपत असे. आणि तेव्हाचे वायू म्हणजे अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड. झोपण्याच्या खोलीत सल्फर डायऑक्साइड गळणे ही आवाजाहून कितीतरी भयंकर गोष्ट होती.

उपाय फ्रिजच्या क्षेत्रातून आला. १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने ‘मॉनिटर टॉप’ नावाने ओळखला जाणारा फ्रिज आणला. क्रिश्चन स्टीनस्ट्रप यांच्या रचनेनुसार मोटर आणि कॉम्प्रेसर दोन्ही एकाच पोलादी कवचात घालून ते कवच कायमचे बंद केलेले होते. पट्टा गेला, बाहेर येणारा दांडा गेला, सील गेले. गळती थांबली आणि आवाजही कोंडला गेला. पुढे कवचाच्या आत सगळा संच स्प्रिंगांवर टांगण्याची पद्धत रुळली. त्यामुळे कंप बाहेरच्या पत्र्यापर्यंत पोहोचेना. जवळजवळ त्याच सुमारास टॉमस मिजली यांच्या गटाने फ्रिऑन हा वायू तयार केला. १९३० मध्ये अटलांटा येथील रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलींनी तो श्वासाबरोबर छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवली: विषारीही नाही, ज्वालाग्राहीही नाही! ओझोनच्या थराचे काय होणार, हे त्या सभेत कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

घरमालकाला हे वरदान होते. मेकॅनिकसमोर मात्र एक गोल, काळे, वेल्ड केलेले डबडे उरले, ज्याच्या आत काय चालले आहे हे पाहण्याची सोयच नव्हती.

वैद्यकाला हा पेच शतकभर आधी पडला होता. १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रने लाएनेक या डॉक्टरांनी एका तरुण रुग्ण स्त्रीच्या छातीवर कागदाची सुरळी टेकवून दुसरे टोक कानाशी लावले, आणि हृदयाचे ठोके कधी नव्हे इतके स्पष्ट ऐकू आले. पुढे त्यांनी लाकडी नळी केली; तोच पहिला स्टेथोस्कोप. परंतु लाएनेक यांचे थोरपण नळीत नव्हते. जिवंतपणी ऐकलेला आवाज आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनात दिसलेली फुप्फुसाची अवस्था यांची ते जोडी लावत गेले. कोणत्या आवाजाच्या मागे कोणती विकृती असते, याचा कोश त्यातून तयार झाला. १८१९ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला आणि शरीर न उघडता आतले ओळखण्याची विद्या जगभर पसरली.

बंद कॉम्प्रेसरच्या बाबतीत हेच घडले, फक्त ग्रंथाविना. यंत्रावर स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवून त्याची मूठ कानामागच्या हाडाशी धरायची, हा कारखान्यांतला जुना मार्ग. कंप धातूतून थेट कानाच्या आत जातो आणि खोलीतला इतर गलका वगळला जातो. भारतात या विद्येला एक खास जोड मिळाली. परदेशात मेलेला कॉम्प्रेसर भंगारात जाई. येथे तो कापला जाई. कवच कापायचे, जळालेली मोटर पुन्हा तांब्याच्या तारेने गुंडाळायची, तुटलेली स्प्रिंग बदलायची आणि कवच परत वेल्ड करायचे. काल कानाने ऐकलेली ठकठक आज टेबलावर उघडी पडलेली पाहायला मिळे. शवविच्छेदनच ते. मुंबईत १९४३ मध्ये मोहन अडवाणी यांनी सुरू केलेल्या ब्लू स्टारचा आरंभही फ्रिज व एसी दुरुस्त करून पुन्हा वापरण्याजोगे करण्याच्या कामातूनच झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

महायुद्धानंतर खिडकीचा एसी अमेरिकेत झपाट्याने पसरला: १९४७ मध्ये ४३ हजार यंत्रे विकली गेली, १९५३ मध्ये दहा लाखांहून अधिक. तंत्राच्या दृष्टीने ही पेटी म्हणजे मोठी कसरतच होती. कॉम्प्रेसर, दोन पंखे, त्यांना फिरवणारी मोटर, सगळे एका पत्र्याच्या पेटीत, आणि ती पेटी झोपणाऱ्याच्या उशापासून चार हातांवर. १९२९ मध्ये दूर ठेवलेला आवाज स्वस्ताईच्या मोबदल्यात पुन्हा खोलीत आला.

याच पेटीने दुरुस्तीच्या विद्येला आकार दिला. जाणता मेकॅनिक प्रथम प्रश्न विचारतो: आवाज कधीपासून येतो, सुरू होताना येतो की बंद होताना, सतत असतो की थांबून थांबून? मग तो यंत्र केवळ पंख्यावर चालवतो. कॉम्प्रेसर बंद असतानाही आवाज येत असेल तर गुन्हेगार पंखा, त्याची मोटर किंवा सैल पत्रा. आवाज थंडावा सुरू झाल्यावरच येत असेल तर कॉम्प्रेसर किंवा त्याच्या नळ्या. एका बटणाने संशयितांची यादी अर्धी होते. मग तो वीजच तोडतो आणि कान देतो. गुणगुण तत्क्षणी थांबली तर ती विजेची. भारतात वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते आणि चुंबकीय ओढ प्रत्येक आवर्तनात दोनदा येते, म्हणून ती गुणगुण १०० हर्ट्झच्या आसपास, खर्जात लागते. अमेरिकेत तीच १२० वर लागते. आणि वीज गेल्यावर आवाज पंख्याच्या गतीबरोबर हळूहळू उतरत विरला, तर तो फिरणाऱ्या भागाचा: बेअरिंग, पाते किंवा पात्यावर साचलेली धूळ. तिसरी परीक्षा हाताची. पत्र्यावर, नळीवर, जाळीवर एकेक करून तळवा दाबायचा; जेथे दाबताच खडखड थांबते तेथे बहुधा स्क्रू ढिला असतो किंवा दोन तांब्याच्या नळ्या एकमेकींना घासत असतात. ही दुसरी गोष्ट दुर्लक्षिली तर महिन्या-दोन महिन्यांत नळीला भोक पडते आणि सगळा वायू उडून जातो. केवळ गोंगाट म्हणून सोसलेली किणकिण तेव्हा चांगलीच महागात पडते.

प्रत्येक आवाज आजार नसतो, हेही तज्ज्ञालाच सांगता येते. बंद केल्यावर येणारी फुसफुस ही दोन बाजूंचा वायुदाब समान होण्याची. प्लास्टिकची टकटक गार-गरम होण्याने आकसण्या-फुगण्याची. अनेक खिडकी-एसींत मागचा पंखा तळाशी साचलेले पाणी मुद्दाम कंडेन्सरवर उडवतो, कारण त्याने कंडेन्सर गार राहतो. त्या चुबुकचुबुक आवाजाला बिघाड समजून तळाला भोक पाडणारे महाभाग होऊन गेले आहेत. उलट एक आवाज खरोखर धोक्याचा: काही सेकंद जड गुणगुण, मग ‘टक्’, मग शांतता, आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच. कॉम्प्रेसर उठू पाहतो, उठत नाही, आणि संरक्षक स्विच त्याला तोडतो. पुष्कळदा दोष बाहेरच्या साध्या कपॅसिटरचा असतो. तो वेळीच बदलला नाही तर मोटर जळते. जुन्या काही यंत्रांत तर दुरुस्ती म्हणजे बोल्ट सैल करणे होते! वाहतुकीत हलू नये म्हणून आवळलेला कॉम्प्रेसर घरी आल्यावर मोकळा करायचा राहून जाई, स्प्रिंगा निरुपयोगी ठरत आणि सगळा कंप भिंतीत उतरे.

आणि येथेच अर्धवट जाणकाराचीही ओळख पटते. आवाज कसलाही असो, त्याचे उत्तर ठरलेले असते: ‘गॅस भरावा लागेल.’ बंद यंत्रणेत वायू पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला वायू पुन्हा त्याच वाटेने जाणार.

यंत्राच्या आवाजाचे सर्वांत विलक्षण निदान मात्र एसीचे नव्हते. ते एका पंख्याचे होते, आणि तो आवाज कोणाला ऐकूच येत नव्हता. इंग्लंडमध्ये व्हिक टँडी नावाचे अभियंता एका प्रयोगशाळेत काम करीत. तेथे भूत आहे अशी कुजबुज होती. एका रात्री काम करताना टँडींना अंगावर काटा आला आणि डोळ्याच्या कोपऱ्यात एक करडी आकृती उभी दिसली; वळून पाहताच ती नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी स्पर्धेसाठी तलवारीचे पाते दुरुस्त करायला त्यांनी ते शेगड्यात पकडले, तर पाते आपोआप थरथरू लागले. घाबरण्याऐवजी त्यांनी मोजमाप घेतले. नुकताच बसवलेला हवा बाहेर फेकणारा पंखा सुमारे १९ हर्ट्झची लहर निर्माण करीत होता. माणसाच्या कानाची खालची मर्यादा साधारण २० हर्ट्झ. म्हणून ऐकू काही येईना, पण शरीराला ते जाणवे. पंख्याची बसवणूक बदलली आणि भूत गेले. १९९८ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासह यावर निबंध प्रसिद्ध केला. त्या लहरीनेच आकृती दिसते की नाही यावर पुढे वाद झाले. पंखा आणि थरथरणारे पाते यांविषयी मात्र वाद नाही.

मूळ कथेत पुढचे वळण जपानचे. १९६१ मध्ये तोशिबाने स्प्लिट एसी बाजारात आणला. दाटीवाटीच्या घरांत, पातळ भिंतींच्या खोल्यांत कॉम्प्रेसर उशाशी ठेवणे शक्यच नव्हते. तो बाहेर गेला आणि आत राहिला फक्त पंखा. तोही बदलला. फ्रेंच अभियंता पॉल मॉर्टिए यांनी १८९३ मध्ये खाणींत हवा खेळवण्यासाठी लांबट, पिंजऱ्यासारख्या पंख्याचे पेटंट घेतले होते. त्यात हवा पात्यांच्या एका बाजूने शिरून दुसरीने बाहेर पडते. खाणीतला हा पंखा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भिंतीवरच्या एसीत आला, कारण लांब आणि बारीक असल्याने तो सावकाश फिरूनही पुरेसा वारा देतो. पंख्याचा आवाज गतीच्या सुमारे पाचव्या घाताने वाढतो, हा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. गती निम्मी केली की जवळपास १५ डेसिबल उतरतात. त्याच पात्यांवर दोन हंगामांची धूळ बसली की तोल जातो आणि फडफड सुरू होते; आजच्या स्प्लिटच्या तक्रारींत पाणी मारून धुण्याने बऱ्या होणाऱ्या तक्रारी म्हणूनच इतक्या.

१९८१ मध्ये तोशिबानेच घरगुती इन्व्हर्टर एसी आणला. पूर्वी कॉम्प्रेसर पूर्ण वेगाने चाले किंवा पूर्ण थांबे. रात्रभर तो दणका आणि ती शांतता आलटून-पालटून ऐकावी लागे. इन्व्हर्टर विजेची वारंवारता बदलून त्याला हवा तेवढाच फिरवतो. झोप सुधारली, पण मेकॅनिकच्या कानाचा कोश मोडला. ५० हर्ट्झवर बेतलेली ओळखीची पट्टी गेली. यंत्राचा सूर आता मिनिटामिनिटाला चढतो आणि उतरतो. ठरावीक वेगालाच एखादी नळी किंवा ब्रॅकेट थरथरतो, आणि मेकॅनिक येतो तेव्हा नेमका तो वेग नसतो. आता यंत्र स्वतःच दोषाचा सांकेतिक क्रमांक दाखवते. सेन्सर तुटला, दाब वाढला, मोटर अडली, हे त्याला कळते. आपला एक स्क्रू ढिला आहे हे कळत नाही.

आणि बाहेर गेलेला आवाज? तो शेजाऱ्याकडे गेला. आपल्या भिंतीवरचे आउटडोर युनिट अनेकदा समोरच्याच्या खिडकीपासून दहा-बारा फुटांवर असते. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा किनारपट्टीच्या गावांत खारी हवा लोखंडी ब्रॅकेट आणि बोल्ट कुरतडते. रबराच्या गाद्या उन्हाने कडक होतात. मग कंप भिंतीतून वरखालच्या घरांत उतरतो. आत झोपलेल्या मालकाला त्याचा पत्ताही नसतो. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. तक्रार आली की मेकॅनिक पुन्हा बोलावला जातो. तो पाचव्या मजल्याच्या सज्जाबाहेर वाकून गंजलेले बोल्ट काढतो, ब्रॅकेट पातळीत आणतो, चार नव्या रबरी गाद्या सरकवतो, यंत्र चालू करतो, आणि मग मालकाच्या नव्हे तर शेजाऱ्याच्या खोलीत जाऊन ऐकत उभा राहतो.